विषय: फ्रीझरमध्ये जागा हवी, आज रात्रीपर्यंत (आणि संक्रांतीचा रस्सा)

नाना:
मंडळी, आज सकाळी ओहायोतल्या लिकिंग काउंटीत शिकारीत हरणाची मादी मिळाली. नेहमीचा खाटीक नवीन जनावर घेत नाहीये, म्हणून कातडं काढून तुकडे घरीच केले. आमच्या फ्रीझरमध्ये तसूभर जागा नाही. कुणाचा आडवा फ्रीझर रिकामा असेल तर लगेच फोन करा.

विचाराल म्हणून सांगतो. उजाडायच्या आत शेताच्या कडेला जाऊन बसलो, मालकाची लेखी परवानगी खिशात. थंडी अशी की हातात बंदूक ठासायचा गज धरवेना. ऊन वर आल्यावर तीन माद्या ओढ्यातून चढल्या. ठासणीच्या बंदुकीत एकच बार, म्हणून पुढची पूर्ण आडवी उभी राहीपर्यंत थांबलो. अंतर साधारण ६० यार्ड. बार काढला आणि धुरापलीकडे काही दिसेना. अर्धा तास जागचा हललो नाही. घाईने मागे लागलं की जखमी जनावर उठून लांब जातं आणि हाल होतात. मग रक्ताचा माग काढत गेलो, तर कुंपणापाशीच पडलेली. दोन्ही फुप्फुसांतून गोळी आरपार. तिथेच शिकारीचा टॅग लिहिला, सरकारी ॲपवर नोंद केली. इतकी स्वच्छ शिकार फार वर्षांनी साधली. संक्रांतीला रस्सा माझ्याकडून!

खजिनदार:
नाना, मनापासून अभिनंदन. पण संक्रांतीला नको. कार्यक्रमाला तिकीट आहे आणि ओहायोत रानच्या हरणाचं मांस विकता येत नाही. दिवाळीच्या जेवणावरून जे झालं ते पुन्हा नको.

वहिनी:
तिकीट हॉलचं आणि तिळगुळाचं आहे, जेवणाचं नाही. आणि जेवणात काय असावं हे भोजन समिती ठरवते, आजवर तसंच चालत आलंय. तरी मीही नकोच म्हणते, कारण वेगळं: हॉलच्या स्वयंपाकघरात मांसाहार शिजवणार नाही असं आपण लिहून दिलंय.

खजिनदार:
वहिनी, हिशेबात तिकिटाचे पैसे आणि जेवणाचा खर्च एकाच खात्यात आहेत. उद्या कुणी विचारलं तर सही माझी आहे.

अण्णा:
हरणाच्या मांसात चरबी फारशी नसते, रस्सा करायचाच तर वरचा पांढरा पडदा सोलून काढा आणि कच्ची पपई लावून ठेवा. जी थोडी चरबी असेल ती ठेवू नका, मेणासारखी टाळूला चिकटते.

दादा (डब्लिन, ओहायो):
खाण्याआधी तपासणी झालीये का? वायनडॉट काउंटीत २०२० मध्ये रानटी हरणांत सीडब्ल्यूडी (हरणांच्या मेंदूचा जीवघेणा रोग) सापडला. शिजवून तो नष्ट होत नाही. माणसाला झाल्याचं आजवर आढळलेलं नाही, पण बाधित जनावर खाऊ नका असं सीडीसी (अमेरिकेची सरकारी आरोग्य संस्था) स्पष्ट सांगते. लहान मुलं जेवायला असतात.

नाना:
दादा, प्रश्न रास्त आहे. लिकिंग त्या रोगाच्या भागात येत नाही, तरी तपासणीसाठी डोकं बर्फात ठेवलंय, सोमवारी रेनॉल्ड्सबर्गच्या लॅबमध्ये देतोय. निकाल येईपर्यंत कुणीही खाणार नाही. गोळी तांब्याची होती, त्यामुळे शिशाचे कण मांसात नाहीत.

बंडू:
आमच्या राजापूरकडे काकांकडे शेतीसंरक्षणाच्या परवान्याची ठासणीची होती. भातात रानडुकरं शिरली की रात्रभर माचावर बसायचे. हरणाला मात्र हात लावायची सोय नाही, १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा. इथे कसं काय चालतं, हे मला अजून पचत नाही.

नाना:
बंडू, १९०४ पर्यंत ओहायोत एकही हरीण उरलं नव्हतं. नियम लावून, हंगाम बांधून ती परत वाढवली. आज मोटारीखाली मरतात आणि मका, सोयाबीन खातात. ठासणीच्या बंदुकीच्या हंगामाचे चार दिवस, एकच बार, सगळी नोंद. मला हे बेदरकारपणाचं वाटत नाही. आणि काकांना विचार, बंदूक धुवायचे कशाने? मी गरम पाणी आणि साबण, त्याच संध्याकाळी. बंदुकीच्या दारूची काजळी ओलावा ओढते, रात्रीत गंज धरतो.

बंडू:
काकाही गरम पाणीच. वर खोबरेल तेलाचा हात.

वहिनी:
तर ठरलं का? निकाल चांगला आला तर रस्सा नानांच्या घरी, वेगळ्या रविवारी, विनातिकीट. भाकऱ्या समिती आणेल. शाकाहारी मंडळींसाठी वांग्याचं भरीत मी करते.

खजिनदार:
घरी असेल तर माझी काही हरकत नाही. मंडळाचं नाव निमंत्रणात नको, एवढंच.

माई:
नाना, माझा तळघरातला फ्रीझर रिकामा आहे. पिशव्यांवर तारीख घाला आणि एका वेगळ्या खोक्यात ठेवा, निकालाआधी कुणी चुकून काढायला नको. आठच्या आत या, नंतर मी दार उघडत नाही.