टोळ म्हणजे नेमका कोणता मासा?

'टोळ' म्हटलं की शेतं फस्त करणारा कीटकच डोळ्यांपुढे येतो. बाजारात मात्र कोळणीने लांब चोचीच्या, काठीसारख्या माशाचा वाटा पुढे करून 'टोळ घे' म्हटलं. हा कोणता मासा? खोल समुद्रातला की खाडीतला? शिवाय साफ करताना काटे हिरवे निघाले. खावा की टाकावा?

– इंग्रजीत नीडलफिश म्हणतात तोच हा, बेलोनिडी कुळातला. लिहिताना कुणी 'सुईमासा' म्हणतात, पण बाजारात चालणारं नाव असताना नवं कशाला घडवायचं? टोळच म्हणावं.

ओळखायचा तर आधी चोच बघा. दोन्ही जबडे लांब आणि बारीक अणकुचीदार दातांनी भरलेले असतील, तर टोळ. फक्त खालचा जबडा लांब असेल, तर तो हाफबीक, म्हणजे जवळचा पण वेगळा मासा. पिल्लांच्या बाबतीत हमखास फसगत होते, कारण टोळाच्या पिल्लाचा खालचा जबडा आधी वाढतो आणि वरचा मागाहून त्याला गाठतो. वाकटीही लांबच, पण ती पट्टीसारखी चपटी असते आणि तिची शेपटी दोरीसारखी निमुळती होत जाते, टोकाला पर नसतो. टोळाला शेपटीचा पर असतो, आणि पाठीवरचा व पोटाखालचा असे दोन्ही पर अगदी मागे, एकमेकांच्या समोर असतात.

खोल पाणी हे त्याचं घर नव्हे. तो पाण्याच्या अगदी वरच्या थरात, पृष्ठभागालगत राहतो आणि तिथेच लहान मासे पकडतो. पाठ हिरवट-निळी, पोट चंदेरी, त्यामुळे वरून पक्ष्याला आणि खालून मोठ्या माशाला तो चटकन दिसत नाही. अंड्यांना चिवट तंतू असतात, त्यांनी ती तरंगत्या शेवाळाला नाहीतर काटक्यांना चिकटून राहतात. काही जाती उघड्या समुद्रात राहतात. शेपटीच्या बुडाशी काळा ठिपका असलेली जात किनाऱ्यालगत आणि खाडीत सापडते. आपल्या नद्यांतही याच कुळातला एक मासा आहे, झेनेंटोडॉन कॅन्सिला.

– एक भर घालतो. रात्री होडीवर दिवा लावला की टोळ उजेडाच्या दिशेने पाण्याबाहेर झेपावतो. मोठ्या जाती दीड मीटरपर्यंत वाढतात, आणि त्या वेगात चोच अंगात घुसू शकते. 1977 मध्ये हवाईतल्या काउआई बेटावर वडिलांबरोबर रात्री मासेमारीला गेलेला दहा वर्षांचा मुलगा अशाच घावाने दगावला. दिवा लावून गळ टाकणाऱ्यांनी हे मनावर घ्यावं.

– हिरव्या काट्यांचं राहिलंच. तो रंग बिलिव्हर्डिन या पित्तातल्या हिरव्या रंगद्रव्याचा. शिजवूनही तो जात नाही, पण त्याने अपायही होत नाही. केवळ काटे हिरवे म्हणून ताजा टोळ टाकून देऊ नका. ताजेपणा पारखायचा तो नेहमीसारखाच, कल्ले उघडून आणि वास घेऊन.