‘विश्वास कमी पडला’ असं दुःखाच्या घरात जाऊन म्हणू नका

नगरची_लेक

जय ख्रिस्त. आईला जाऊन दोन महिने झाले. पोटाचा कॅन्सर होता. सात महिने दर बुधवारी आमच्या घरी प्रार्थनेची बैठक व्हायची. पाळीपाळीने दिवसरात्र चालणाऱ्या साखळी प्रार्थनेत रात्री दोनची वेळ माझी. मंडळीच्या वडीलजनांनी याकोबाच्या पत्रात सांगितलंय तसं तेल लावून प्रार्थना केली. उपास झाले.

माती दिल्यावर चौथ्या दिवशी भेटायला आलेल्या एक बाई माझा हात धरून म्हणाल्या, “कुठेतरी विश्वास कमी पडला गं.” दुसऱ्या म्हणाल्या, “प्रभूने तिला पूर्ण बरं केलं, फक्त तिकडे नेऊन.” पहिल्या वाक्याने माझी झोप गेली. दुसरं मायेने म्हटलेलं होतं, तरी पटलं नाही. आम्ही ते मागितलंच नव्हतं. डिसेंबरमध्ये नातीच्या बाप्तिस्म्याला आईने पहिल्या बाकावर बसावं, एवढंच आमचं मागणं होतं.

माझं म्हणणं असं: मागितलं ते मिळालं नाही, हे सरळ बोलावं. देवावर भरवसा ठेवण्यासाठी ते झाकावं लागत नाही. बायबलमधल्या १५० स्तोत्रांपैकी कितीतरी तक्रारीची आहेत. ८८वं तर अंधारातच संपतं, शेवटी आशेची एक ओळ नाही. तरी ते पवित्र शास्त्रात आहे. आणि ते गाणारा सुरुवातीलाच देवाला आपला तारणारा म्हणतो, मग पुढे सगळा आक्रोश त्याच्याचपुढे करतो. मला तरी भरवसा म्हणजे हाच वाटतो. रात्री दोनचा गजर मी अजून बंद केलेला नाही. उठते आणि त्याच्याशी भांडते.

शालोम_भवन

ताई, तुमच्या दुःखात सहभागी आहे. पण मत्तय ७:७ चं काय करायचं? ‘मागा म्हणजे तुम्हांला दिले जाईल.’ याकोब म्हणतो, काही संशय न धरता मागावं. नासरेथात, प्रभूच्या स्वतःच्या गावात, लोकांच्या अविश्वासामुळे प्रभूने फारशी अद्भुत कामं केली नाहीत, हेही लिहिलेलं आहे. माझ्या भावाच्या बाबतीत डॉक्टरांनी हात टेकले होते. आज तो स्वतः नांगर धरतो. मी डोळ्यांनी पाहिलेलं कसं नाकारू? आपण अपेक्षाच खाली आणली तर मंडळी मागायचंच सोडेल. हे वाचून एखादी आई लेकरासाठी गुडघे टेकायची थांबली तर? मला ती भीती वाटते.

नगरची_लेक

दादा, भाऊ बरा झाला याबद्दल देवाचे मनापासून आभार. मागू नका असं मी कुठेच म्हटलेलं नाही. पण तुमचा नियम प्रेषित पौलाला लावून बघा. शरीरातला काटा, म्हणजे त्याला छळणारा त्रास, निघावा म्हणून त्याने तीनदा विनवणी केली. कृपा पुरे आहे असं उत्तर आलं आणि काटा राहिला. गेथशेमाने बागेत, वधस्तंभाच्या आदल्या रात्री, प्रभूने स्वतः दुःखाचा प्याला टळावा म्हणून मागितलं. तिथे कोणाचा विश्वास कमी पडला? नासरेथकरांनी तर त्याला झिडकारलं होतं. माझी आई शेवटच्या संध्याकाळपर्यंत मागत होती.

जुना_कॉयरवाला

मी वीस वर्षं चर्चच्या कॉयरमध्ये (गायकवृंदात) गायलो, आता मंडळीत जात नाही. कोणाचा अपमान करायचा नाही, पण प्रश्न विचारतो. माणूस बरा झाला तर देवाने ऐकलं, गेला तर देवाची योजना. निकाल काहीही लागो, देव बरोबरच. मग प्रार्थनेने ठरतं काय?

आणि पंडिता रमाबाईंचं उदाहरण घ्या, ते आपल्याकडे नेहमी देतात. तीर्थं, व्रतं, दानधर्म यांत घरातलं सगळं संपलं आणि १८७४ मध्ये दुष्काळात आईवडील गेले, बहीणही गेली. पुढे रमाबाईंचा त्या देवांवरचा विश्वास उडाला. संडे स्कूलमध्ये हे आम्हाला ‘खोट्या देवांनी ऐकलं नाही’ असं शिकवलं. मग तेच माप तुमच्या सात महिन्यांना का नाही?

वसईची_वाट

मी कॅथलिक, पण राहवत नाही म्हणून लिहितो. वांद्र्याच्या मोत माउलीला सप्टेंबरच्या जत्रेत लोक मेणाचे हात, पाय, बाळ वाहतात. माझ्या आईने बहिणीसाठी नऊ वर्षं मेणाचं बाळ वाहिलं. बाळ झालं नाही. दहाव्या वर्षी तिने साधी मेणबत्ती घेतली. मी विचारलं तर म्हणाली, “आता नुसती भेटायला जाते.” नगरच्या ताईंशी माझा मतभेद इथेच आहे. रोज भांडत राहिलं की माणूस त्याच रात्रीत अडकतो. त्याच्यासमोर गप्प बसणं हीसुद्धा प्रार्थनाच.

नगरची_लेक

वसईकर दादा, तुमच्या आईपर्यंत मी पोचले नाही अजून. गप्प बसले की मला हॉस्पिटलचा पंखाच ऐकू येतो.

कॉयरवाले भाऊ, तुम्ही दिवसभर विचार करायला लावलंत. ‘खोट्या देवांनी ऐकलं नाही’ हे शिकवणं चूकच. त्या मापाने आपणही टिकत नाही. पण मागितलेलं मिळालं म्हणून रमाबाई ख्रिस्ताकडे वळल्या नव्हत्या. लंडनच्या फुलहॅममध्ये समाजाने टाकलेल्या बायकांना ख्रिस्ती सिस्टर्स (जोगिणी) मायेने सांभाळताना त्यांनी पाहिलं. असं का करता, विचारल्यावर त्यांना येशू विहिरीवर जिच्याशी बोलला त्या शोमरोनी बाईची गोष्ट वाचून दाखवली. ख्रिस्त त्यांना तिथे दिसला. १८८३ मध्ये बाप्तिस्मा घेतला, त्याच्या आदल्याच वर्षी नवरा गेलेला. पुढे त्यांनीच उभं केलेलं केडगावचं मुक्ती मिशन ज्या लेकीच्या हाती द्यायचं, ती मनोरमा जुलै १९२१ मध्ये गेली. तिच्यासाठी केडगावात कोणी गुडघे टेकले नसतील का? तरी पवित्र शास्त्राच्या मराठी भाषांतराचं काम रमाबाईंनी सोडलं नाही. एप्रिल १९२२ मध्ये त्याही गेल्या.

प्रार्थनेने काय ठरतं, याचा पुरावा मी देऊ शकत नाही. मार्था प्रभूला तोंडावर म्हणाली, तुम्ही इथे असता तर माझा भाऊ मेला नसता. त्याने तिला दटावलं नाही, आणि कबरेकडे जाताना तो रडला. तिचा भाऊ लाजर कबरेतून उठला. माझी आई उठली नाही. पण तो रडला, हे मी घट्ट धरून ठेवलंय.

शालोम_भवन

मत्तय ७:७ वर मी अजून ठाम आहे. पण ताई, ते विश्वास कमी पडल्याचं वाक्य मीही दोन घरांत बोललो आहे. एक कुटुंब पुण्याला गेलं, त्यांचा नंबर शोधतो. दुसरं आमच्याच गल्लीत आहे. उपासनेनंतर रविवारी तिथे जाऊन येतो.