काकडीच्या फिंगर सँडविचचा ब्रेड का भिजतो

काकडीचं फिंगर सँडविच (बोटासारख्या लांबट पट्ट्यांत कापलेलं) करून ठेवलं की तासाभरात ब्रेडचा लगदा होतो, त्याचं कारण काकडीचं पाणी. सोलून, बिया काढून पातळ चकत्या करा, एका काकडीला पाव चमचा मीठ लावून 15 मिनिटं चाळणीत निथळा आणि सुती फडक्यात नीट टिपा. लोणी मऊ हवं, दोन्ही स्लाइसना अगदी काठापर्यंत. ओल अडते ती त्यानेच. ब्रेडच्या कडा सँडविच भरून झाल्यावरच कापा, दर वेळी सुरी पुसून. सोलापूरच्या उन्हाळ्यात पंख्याखाली ब्रेडचे काठ बघता बघता वाळून वर वळतात, म्हणून घट्ट पिळलेलं ओलं फडकं लगेच झाका. शेंगाचटणी घालायची तर लोण्यातच कालवा, दोन चमचे लोण्याला अर्धा चमचा. कोरडी भुरभुरली तर कापताना सगळी बाहेर सांडते.