प्रति: नववीपासून व्यवसाय विषय घ्यावा का?
वर तुम्ही लिहिलंय की व्यवसाय विषय म्हणजे कमी गुणांच्या मुलांची सोय. मला हे अजिबात पटत नाही. शास्त्रज्ञ डॉ. श्रीनाथ कलबागांनी १९८३ साली पुणे जिल्ह्यातल्या पाबळला विज्ञान आश्रम सुरू केला, तिथे शाळकरी मुलं वेल्डिंग, वायरिंग, रोपवाटिका, अन्नप्रक्रिया असं सगळं हातांनी शिकली. त्याच विचाराचा विषय पुढे आपल्या माध्यमिक शाळांत आला. आणि यात डोकं लागत नाही? लोखंडी अँगल ४५ अंशांत नीट कापला नाही तर चौकट काटकोनात बसतच नाही. भूमिती तिथे खरी कळते.

ठाण्यातल्या शाळांना तर वागळे इस्टेट आणि ठाणे-बेलापूर हा कारखान्यांचा पट्टा हाकेच्या अंतरावर आहे. तरी मुलांनी लेथ (धातू कातायचं यंत्र) फक्त चित्रात बघायचा, याचं मला फार वाईट वाटतं.

आरएसपी (शाळेतलं रस्ता सुरक्षा पथक), स्काऊट-गाइड हवेतच. पण शाळेबद्दलची आपुलकीही अशा हातकामानेच येते, गणवेशाने आणि घोषणांनी येत नाही (आंतरशालेय सामन्यांपुरती येते, तेवढीच). स्नेहसंमेलनाचा रंगमंच, त्याचे दिवे, पडदे मुलांनीच उभारू देत की, शिक्षकांच्या देखरेखीखाली! हल्ली तेही कंत्राटदाराला देतात. पालक-शिक्षक संघाच्या पुढच्या बैठकीत निदान एवढं तरी मागा.