व्हिएतनाम, ट्रेन आणि दोघं

दोघांनी सॅक पाठीवर टाकून व्हिएतनाम ट्रेनने करायचं, तेही एवढ्या उकाड्यात, झेपेल का असं विचारलंय. झेपतं हो, फक्त उत्तरेच्या हनोईपासून दक्षिणेच्या सायगॉनपर्यंत (म्हणजे हो ची मिन्ह सिटी) १७२६ किमी एका दमात करू नका, तीसेक तास डब्यात कोंडून घेतलं की प्रेमविवाहसुद्धा डगमगतो :) आम्ही मध्ये ह्युए शहरात उतरलो. सहा बर्थवाल्या डब्यात सगळ्यात वरचा बर्थ नकोच, ताठ बसताच येत नाही, मी नवऱ्याला तिथे चढवलं आणि तो रात्रभर एसीच्या झोतात टॉवेल गुंडाळून कुडकुडत होता, बाहेर अंगाची लाही होत असताना! चार बर्थवाला बरा. आणि ह्युए ते दा नांग दिवसाच करा, दक्षिणेकडे जाताना डावीकडे बसा, हाय वान घाटात खाली समुद्र दिसतो. खिडकी कोणाची ते आधीच ठरवून घ्या मात्र.