मदत हवी आहे: आधी विश्वास की आधी नवा जन्म?

जय ख्रिस्त मंडळी. आमच्या बायबल अभ्यासगटात देवाच्या पूर्वनिवडीवर (कुणाचं तारण व्हायचं हे देव आधीच ठरवतो का) वाद रंगलाय आणि माझं एका ठिकाणी अडलंय.

आर्मिनियनांच्या (डच धर्मशास्त्रज्ञ आर्मिनियसच्या अनुयायांच्या) १६१० च्या निवेदनातला तिसरा मुद्दा वाचला. माणूस स्वतःच्या इच्छेच्या बळावर तारणदायी विश्वास ठेवूच शकत नाही, पवित्र आत्म्याने त्याला नवा जन्म द्यावा लागतो. हे तर कॅल्विनवादीही (धर्मसुधारक जॉन कॅल्विनच्या मताचे) म्हणतील! (आर्मिनियन म्हणजे ‘स्वतःच्या बळावर तारण’ असं आमच्याकडे सर्रास बोलतात, ते इथे तरी टिकत नाही.) फाटा फुटतो तो चौथ्या मुद्द्यात: ही कृपा माणसाला नाकारता येते. १६१८-१९ च्या, नेदरलँड्समधल्या डॉर्टच्या कॅल्विनवादी धर्मसभेने नेमकं हेच फेटाळलं.

मग कृपा नाकारता येत असेल, तर नवा जन्म विश्वासाच्या आधी कसा? योहान १:१२-१३ दोन्ही बाजू पुढे करतात. कॅल्विनवादी १ योहान ५:१ (विश्वास ठेवणारा देवापासून जन्मलेला आहे) मधल्या ग्रीक क्रियापदाच्या काळावर भर देतात, म्हणजे जन्म आधी झालेला आहे असं म्हणतात; तो युक्तिवाद कितपत पक्का आहे? लुदियेचं (प्रेषितांची कृत्ये १६:१४, प्रभूने जिचं अंतःकरण उघडलं) उदाहरण कृपया नको, ते दोघेही आपापल्या बाजूने लावतात. मेथडिस्ट चळवळीच्या जॉन वेस्लीची ‘आधीच पुढे येणारी कृपा’ कुणी साध्या मराठीत समजावेल का? ग्रीक येणाऱ्यांनी जरूर लिहा.