समोरच्याचे आणि साथीदाराचे बिल्ड लवकर कसे ओळखावे? सल्ला हवा आहे

धागाकर्ता (मालवण)

नमस्कार. मालवणातील आम्ही पाच मित्र गेली दोन वर्षे 'गिल्ड वॉर्स २' हा ऑनलाइन खेळ एकत्र खेळत आहोत. पावसाळ्यात होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या असतात, पर्यटक तुरळक असतात, त्यामुळे रात्री खेळायला वेळ मिळतो आणि यंदा आम्ही पाच विरुद्ध पाच अशा स्पर्धात्मक सामन्यांकडे गांभीर्याने वळलो आहोत. आमच्या हाताला वेग बरा आहे आणि आपापल्या क्षमता पाठ आहेत. मात्र समोरचा नेमके कोणते बिल्ड, म्हणजे शस्त्रे, क्षमता आणि गुणांची कोणती मांडणी घेऊन उतरला आहे हे उमगेपर्यंत निम्मा सामना हातातून गेलेला असतो.

गेल्या आठवड्यातील एक प्रसंग सांगतो. समोरच्या नेक्रोमॅन्सर या प्रोफेशनच्या खेळाडूच्या हातात ग्रेटस्वोर्ड (मोठी तलवार) दिसली, म्हणून आम्ही त्याला रीपर, म्हणजे त्या प्रोफेशनची जवळून मारणारी शाखा समजलो. रीपरला जवळ येऊ द्यायचे नाही एवढे ठाऊक असल्यामुळे आम्ही सगळे लांब राहिलो आणि त्या नादात मधला बिंदू (ताब्यात ठेवून गुण मिळवण्याची जागा) दोन वेळा सोडून दिला. प्रत्यक्षात तो त्याच प्रोफेशनची दुसरी शाखा, हार्बिंजर निघाला, ज्याचा खरा मारा लांबूनच होतो. म्हणजे आम्ही त्याला हवे तेच करत होतो. आपापसांतही गोंधळ आहेच. दोघेजण एकाच वेळी सपोर्ट (साथीदारांना सावरणारे बिल्ड) घेऊन उतरल्याचे आम्हाला दोनशे गुण गेल्यावर कळले.

बिल्ड ओळखण्याची नजर कशी तयार करावी? सराव कोणत्या क्रमाने करावा? इतर खेळांतील अनुभवही उपयोगी पडतील.

प्रतिसाद (रत्नागिरी)

आपली चूक शस्त्रावरून ओळखण्याच्या जुन्या सवयीतून झाली आहे, आणि ती सवय एके काळी योग्यच होती. पूर्वी ठरावीक शस्त्र ठरावीक इलीट स्पेशलायझेशनलाच (प्रोफेशनच्या रीपर, हार्बिंजर अशा शाखेलाच) मिळत असे. नेक्रोमॅन्सरच्या हाती ग्रेटस्वोर्ड दिसली म्हणजे तो रीपर, याबद्दल शंका घेण्याचे कारणच नव्हते. २०२३ च्या 'सिक्रेट्स ऑफ द ऑब्स्क्युअर' या विस्तारात ते बंधन सुटले आणि एखाद्या प्रोफेशनची ती शस्त्रे त्याच प्रोफेशनच्या कोणत्याही स्पेशलायझेशनला वापरता येऊ लागली. त्यामुळे आता शस्त्र पाहून समोरचा कोण आहे हे कळत नाही, फक्त त्याच्या हातातल्या पाच क्षमता कळतात. तो कोण आहे हे लक्ष्याच्या चौकटीतील चिन्ह सांगते. प्रत्येक इलीट स्पेशलायझेशनचे चिन्ह वेगळे असते, आणि ती चिन्हे पाठ करायला एक संध्याकाळ पुरते. सामन्याच्या सुरुवातीच्या प्रतीक्षेत गुणफलक उघडून पाचही चिन्हे वाचावीत आणि मोठ्याने एकमेकांना सांगावीत. हे काम एकाच मित्राकडे कायमचे सोपवलेत तर अधिक बरे.

चिलखताच्या रूपाकडे मात्र अजिबात पाहू नका. या सामन्यांत अंगावरच्या चिलखताचे आकडे लागूच होत नाहीत. ताकद, चिवटपणा, जीवन हे सारे मुख्यतः निवडलेल्या अॅम्युलेटवरून (आकडे ठरवणाऱ्या ताइतावरून) ठरते. रंगरूपाने फसायला होत असेल, तर सेटिंगमध्ये शत्रूंना प्रमाणित रूपात दाखवण्याचा पर्याय आहे, तो आजच चालू करा. त्यानंतर प्रत्येक प्रोफेशन ठरलेल्या वेशात दिसते आणि गर्दीतही चटकन ओळखू येते.

चिन्ह कळल्यानंतरचा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे: हा मारणारा आहे की तग धरणारा? याचे उत्तर मी जीवनपट्टीवरून काढतो. ऐंशीव्या पातळीवर वॉरियर आणि नेक्रोमॅन्सर यांचे मूळ जीवन १९,२१२ असते. गार्डियन, थीफ आणि एलिमेंटलिस्ट यांचे ११,६४५. उरलेल्या चौघांचे १५,९२२. समोरच्याचे आकडे आपल्याला दिसत नाहीत, परंतु आपल्या घावाचा आकडा दिसतो. तीन हजारांचा घाव बसून गार्डियनची पट्टी चतुर्थांशाने उतरली, तर त्याने जीवन वाढवलेले नाही आणि तो बहुधा मारण्यासाठी आला आहे. तोच घाव बसून जेमतेम सहावा हिस्सा गेला, तर त्याच्यापाशी अठरा हजारांच्या आसपास जीवन आहे, आणि त्याच्यावर तिघांनी तुटून पडणे म्हणजे उरलेले दोन बिंदू शत्रूला आंदण देणे होय. हे मोजताना त्याच्यावर बॅरियर (जीवनावरचे तात्पुरते कवच) नाही याची खात्री करून घ्या, अन्यथा हिशेब चुकतो. आपला नेहमीचा घाव अचानक हलका पडू लागला, तर चिवटपणाचा निष्कर्ष काढण्याआधी त्याच्या चौकटीत प्रोटेक्शन हे वरदान (काही क्षणांपुरता लाभ) आहे का ते पाहा, कारण ते एकटेच घावाची ३३ टक्के धार कमी करते.

यापुढचे सारे काम वजाबाकीचे आहे, आणि माझ्या मते बिल्ड ओळखण्याचे मर्म तेच आहे. मला ही सवय २००५ च्या मूळ 'गिल्ड वॉर्स'ने लावली. तिथे खेळाडूपाशी फक्त आठ क्षमता असत, त्यांत इलीट (सर्वांत प्रभावी) क्षमता एकच, प्रोफेशने जास्तीत जास्त दोन आणि विसाव्या पातळीला वाटायला दोनशे गुण. शिवाय लक्ष्य जी क्षमता वापरत असे तिचे नावच पडद्यावर दिसे. एकदा त्याची इलीट दिसली की बाकीच्या सातांपैकी चार-पाच आपोआप तर्काने लावता येत, कारण त्याने जे घेतले त्यापायी काय सोडावे लागले हे आपल्याला ठाऊक असे. 'गिल्ड वॉर्स २' मध्ये हेच गणित अधिक सैल स्वरूपात आहे. बहुतेकांना दोन शस्त्रसंच, म्हणजे दहा क्षमता असतात. त्याखेरीज एक उपचार, तीन युटिलिटी (सहाय्यक क्षमता) आणि एक इलीट. इंजिनिअर आणि एलिमेंटलिस्ट यांना लढाईत शस्त्र बदलता येत नाही, त्यांचे किट आणि अट्यूनमेंट (क्षमता बदलण्याची त्यांची स्वतंत्र साधने) वेगळे वाचावे लागतात. इतरांचा पहिला संच दिसला की दुसऱ्याची वाट पाहा, आणि संच बदलताच मनात दहा सेकंद मोजा, कारण सहसा तेवढा वेळ तो पहिल्या संचाकडे परत जाऊ शकत नाही. पहिला स्टन (क्षणभर जखडणारा घाव) बसल्यावर त्यातून सुटण्यासाठी त्याने काय वापरले, हे तर डोळ्यांत तेल घालून पाहा. तीन युटिलिटींपैकी दोन सुटकेसाठी खर्च झालेल्या दिसल्या आणि तिसरी हल्ल्याची निघाली, तर पुढचा स्टन बहुधा पूर्ण वेळ टिकणार आहे.

एक गोष्ट आपल्या भागासाठी म्हणून सांगतो. या खेळाचे सर्व्हर अमेरिकेत आणि युरोपात आहेत. समोरच्याने हात उचललेला आपल्याला उशिरा दिसतो, आणि पावसात जोडणी डळमळली की त्याहून उशिरा. म्हणून हालचाल पाहून चुकवण्याच्या शर्यतीत आपण कोकणातले खेळाडू मागेच राहणार. आधी ओळखून ठेवलेले बिल्ड मात्र त्या उशिराची भरपाई करते, कारण घाव कधी येईल याचा अंदाज आपण दिसण्यापूर्वीच बांधलेला असतो. ज्यांचा पिंग (सर्व्हरपर्यंतचा उशीर) कमी आहे त्यांच्यापेक्षा आपल्याला ही विद्या अधिक लागते, असे मला मनापासून वाटते.

प्रतिसाद (अलिबाग)

मी 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट'च्या अरीनात खेळतो. तिथे दार उघडण्यापूर्वीच समोरच्यांचे स्पेक (क्लासची निवडलेली शाखा) चौकटीत दिसतात, त्यामुळे पहिले कोडे खेळच सोडवून देतो. खरा शोध टॅलेंटचा (ऐच्छिक क्षमतांचा) असतो, म्हणजे एकाच स्पेकच्या दोन खेळाडूंमधला फरक. त्यासाठी मी सामन्याआधी प्रत्येक शत्रूबद्दल एकच प्रश्न ठरवून घेतो, उदाहरणार्थ 'याने अमुक बचाव घेतला आहे का?', आणि पहिल्या चकमकीत फक्त त्याचेच उत्तर शोधतो. सगळेच पाहायला गेले की काहीच ध्यानात राहत नाही. धागाकर्त्यांनी सुरुवातीला एवढेच करावे.

प्रतिसाद (हर्णै)

मी संगणकावर नव्हे, फोनवर 'अल्बियन ऑनलाइन' खेळतो. मार्च २०२३ मध्ये सिंगापूरला आशियाचा सर्व्हर सुरू झाल्यापासून आमच्यासारख्यांना तो खेळ खेळण्याजोगा झाला. तिथे क्लास हा प्रकारच नाही; जे अंगावर चढवाल तेच तुम्ही. शस्त्राची मुख्य क्षमता त्या शस्त्राला बांधलेली असते, पण इतर दोन निवडता येतात, आणि टोपी, चिलखत व पादत्राण यांची प्रत्येकी एक क्षमता वेगळी.

आमच्याकडे बंदरात शिरणारी नौका लांबून पाहिली तरी जाणता माणूस सांगतो की ही पर्ससीनची आहे, ही ट्रॉलर आहे, ही डोलीची. तो फळीवरचा रंग पाहत नाही. जाळे कोणते, ते कुठे रचले आहे आणि माणसे किती आहेत हे पाहतो, कारण जाळ्यावरून ती कोणत्या मासळीमागे होती ते ठरते. 'अल्बियन'मध्ये माझ्या दृष्टीने चिलखत आणि पादत्राण हे जाळे आहे. शस्त्र सगळेच पाहतात, पण तो पळून जाणार, अदृश्य होणार की उभा राहून घाव झेलणार, हे पायांवरून आणि छातीवरून कळते. म्हणून मी नवीन मुलांना आधी खालून वर पाहायला शिकवतो: पाय, छाती, डोके आणि शेवटी हात. आपल्या खेळात चिलखताला अर्थ नसला, तरी पळण्याची साधने आधी शोधावीत हा क्रम तिथेही लागू पडावा.

प्रतिसाद (कुडाळ)

समोरच्यांबद्दल पुष्कळ लिहून झाले आहे, म्हणून मी साथीदारांबद्दल लिहितो. माझ्या अनुभवात निम्मे सामने आपलाच माणूस न ओळखल्यामुळे जातात.

आमच्या घरात दशावतार आहे. दशावतारी नाटकाला परंपरेने लेखी संहिता नसते. कथानक ठाऊक असते आणि संवाद रंगमंचावर उभे राहूनच रचायचे असतात. समोरचा नट आता युद्धाकडे नेणार की करुणरसाकडे, हे त्याच्या पहिल्या दोन वाक्यांवरून ओळखून त्याला पुढचा धागा द्यावा लागतो, नाहीतर दोघेही उघडे पडतात. अनोळखी साथीदारांबरोबर उतरताना मी हेच करतो. सामना सुरू होताच तो कुठे धावतो ते पाहतो: एकटा दूरच्या बिंदूकडे गेला तर तो स्वतःला टिकाऊ समजतो, माझ्या पाठीशी राहिला तर तो सपोर्ट आहे किंवा त्याला सपोर्ट हवा आहे. दोन्हींतला फरक पहिल्या वरदानातच दिसतो, कारण ते माझ्या चौकटीत उमटले की नाही एवढेच पाहायचे असते.

आपण तर ओळखीचे पाच मित्र आहात, मग अंदाज कशाला हवा? या खेळात २०१९ पासून बिल्ड टेम्पलेट आहेत. आपल्या बिल्डचा दुवा गप्पांच्या चौकटीत टाकता येतो आणि इतरांना तो उघडून वाचता येतो. प्रत्येक रात्री पहिल्या सामन्याआधी पाचही जणांनी तो टाकावा, हा नियमच करा. दोन सपोर्टचा घोळ पुन्हा होणार नाही.

प्रतिसाद (गुहागर)

रत्नागिरीकरांच्या वजाबाकीशी मी सहमत आहे, परंतु एक धोका त्यांनी लिहिला नाही. चुकीची ओळख ही ओळख नसण्यापेक्षा महाग पडते. धागाकर्त्यांना तो नेक्रोमॅन्सर कोण आहे हे ठाऊकच नसते, तर त्यांनी चाचपून पाहिले असते. चूक झाली ती खात्री बाळगल्यामुळे. जुन्या 'रॅग्नारॉक ऑनलाइन' या खेळामध्ये मी हे फार सोसले. नाइटवर घाव चुकत आहेत असे दिसले की आम्ही त्याला चपळाईचा समजून स्टनच्या मागे लागत असू, कारण त्या खेळात स्टनपासून व्हायटॅलिटी वाचवते आणि चपळाईवर गुण ओतणाऱ्याकडे ती कमी असायची. काही खेळाडू मधला मार्ग घेऊन दोन्हीकडे थोडे थोडे गुण ठेवत आणि आमचा सगळा डाव फुकट जाई.

म्हणून मी बोलताना दोन शब्द वेगळे ठेवतो. चिन्हावरून किंवा प्रत्यक्ष वापरलेल्या क्षमतेवरून कळले तर 'दिसले' म्हणायचे, आणि तर्काने लावले तर 'वाटते' म्हणायचे. संघात 'वाटते' हा शब्द ऐकला की कोणीही आपली मोठी क्षमता त्यावर खर्च करायची नाही, आधी लहान क्षमता टाकून खातरजमा करायची.

सरावाबद्दल विचारलेत म्हणून लिहितो: ज्या बिल्डने हरवले ते दुसऱ्या दिवशी स्वतः खेळा. स्पर्धात्मक सामन्यांत अॅम्युलेट आणि रून (ताकद वाढवणारी मंत्रचिन्हे) सर्वांना मोकळे असल्यामुळे खर्च काहीच येत नाही. हार्बिंजर घेऊन दहा सामने हरलात की तो कोणत्या क्षणी घाबरतो, हे वाचून कळते त्यापेक्षा कितीतरी नीट कळेल.

धागाकर्ता (मालवण)

सर्वांचे मनापासून आभार. दोन आठवडे हे करून पाहिले आणि आता लिहितो आहे. प्रमाणित रूपाचा पर्याय पाचही जणांनी चालू केला. चिन्हे वाचण्याचे काम आमच्यातल्या ज्याच्या घरी वीज सर्वांत कमी वेळा जाते त्याच्याकडे दिले. 'दिसले' आणि 'वाटते' हे दोन शब्द तर लगेच अंगवळणी पडले.

काल एका थीफने आमच्या सपोर्टला तीन वेळा मारले. मी हार्बिंजरचा प्रसंग आठवून तर्क न करता फक्त मोजत राहिलो: तीन हजारांच्या आसपासच्या घावाला त्याची पट्टी चतुर्थांशाहून जरा जास्त उतरत होती, आणि पहिल्या दोन स्टनमधून तो दोन वेगवेगळ्या युटिलिटींनी सुटला. तिसऱ्या वेळी आम्ही दोघांनी स्टन एकाच वेळी न टाकता थांबून एकामागून एक टाकला आणि तो तिथेच पडला. सामना आम्ही ५०० विरुद्ध ४३१ असा जिंकला.

एक शंका उरली आहे. एलिमेंटलिस्टचे अट्यूनमेंट इतके भराभर बदलतात की वजाबाकी करायला उसंतच मिळत नाही. त्याचे काय करावे?

प्रतिसाद (रत्नागिरी)

त्याच्या सगळ्या क्षमता मोजू नका. तो पाण्याच्या अट्यूनमेंटमधून बाहेर पडला की एवढेच मोठ्याने सांगा, कारण त्याचे बरेचसे उपचार तिथेच असतात आणि तिथे परतायला त्याला काही सेकंद लागतात. पाचांनी मिळून तेवढ्याच सेकंदांत मारा करायचा. शुक्रवारी रात्री वीज असेल तर मी एलिमेंटलिस्ट घेऊन आपल्याविरुद्ध सरावाला येतो. खोली आपण तयार करा.